मुर्शिलीचे वडील

१० सप्टेंबर
आजही जेवताना 'मीठ' म्हणता आलं नाही. बोट दाखवलं. उजवा हात शाबूत, डोकं शाबूत, वाचा तेवढी गेली! चाळीस वर्षं हॉस्पिटलात ज्युनियर डॉक्टरांचे कान किटवणारा मी! "अहो, घाई नको," सुप्रभा म्हणते. जूनपासून हेच. बायकोशी पुन्हा भांडता तरी येईल ना? भीती वाटते.

१४ सप्टेंबर
इथल्या, इंग्लंडातल्या मेडनहेडच्या मराठी मंडळातलं माझं व्याख्यान ११ ऑक्टोबरला. स्ट्रोकच्या आधी ठरलेलं. विषय — हित्तींचा राजा मुर्शिली! रद्द करा, असं लिहून दिलं. सुप्रभाने कागद फाडला. "तुम्ही लिहा, अनुया वाचेल." नात शनिवारच्या मराठी शाळेत शिकलेली. "आजोबा, मी प्रॅक्टिस करीन, प्रॉमिस!"

१५ सप्टेंबर
लिहायला बसलो.

२८ सप्टेंबर
मजा येतेय! सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचा तुर्कस्तान. मुर्शिली गादीवर आला तेव्हा पोरसवदा. शेजारी हसले — हे पोर काय राज्य करणार! दहा वर्षांत सगळ्यांना ताळ्यावर आणलं. गडी आवडतो मला.

आणि त्याचीही वाचा गेली होती! रथातून जाताना आभाळ गडगडलं, घाबरला, बोलणं तोंडातच आटलं. माझं गेलं गार्डन सेंटरच्या रांगेत. जो तो आपापल्या नशिबाने.

उपाय काय, तर त्या दिवशीचे कपडे, रथ, घोडे, सगळं बैलाबरोबर देवळात पाठवायचं. सुप्रभाने पान वाचलं नि माझं त्या दिवशीचं कार्डिगन चॅरिटी शॉपला देऊन आली. चांगलं होतं हो!

११ ऑक्टोबर
हॉल भरलेला. मी पहिल्या रांगेत. अनुया छान वाचत होती. आणि मग — "मुर्शिलीचे वडील होते राजा मायडस." मायडस! पाच-सहाशे वर्षांनंतरचा माणूस! पोरगी थांबली, माझ्याकडे बघत राहिली. लोक माना डोलावताहेत! डोक्यात तिडीक गेली. उठलो.

"नाही! सुप्पिलुलिउमा!"

माझाच आवाज! मीठ म्हणता येत नव्हतं, आणि हे! अनुया किंचाळली, "आजोबाऽऽ!" टाळ्या थांबेनात. सुप्रभा रडतही होती, हसतही होती. पिशवीतून वेम्बलीचे पेढे काढून वाटत सुटली. कधी आणले होते हिने?

१२ ऑक्टोबर
अनुयाचे कागद चाळले. पान चारवर माझं 'सुप्पिलुलिउमा' खोडलेलं. वर पेन्सिलीने, सुप्रभाचं अक्षर —

'इथे मायडस म्हण. मग थांब. आजोबांकडे बघ.'