जाळी वर केलेला फोटो

१२ जानेवारी, कारेगाव
पुण्याच्या प्रदर्शनवाल्यांचा फोन. कामगारांचे फोटो आवडले म्हणे, पण मोबाईलवर काढलेत म्हणून जिन्याखाली लावणार! लग्नांसाठी मोठा कॅमेरा आहे की माझ्याकडं. पण तो बाहेर काढला की माणसं केस विंचरून उभी राहतात, आन् कंपनीच्या गेटवरून तर हाकलूनच देतात. मोबाईलपुढं कुणी सावरून बसत नाही. दोन वर्षं त्याच्यावरच काम करतोय. त्या शहाण्यांना हे कोण सांगणार!

१३ जानेवारी
जिन्याखाली तर जिन्याखाली. पाठवले.

४ फेब्रुवारी
शेजारच्या खोलीतल्या चांगदेवमामांची दोन बोटं कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये गेली. उजव्या हाताची. हात आत जाऊ नये म्हणून प्रेसपुढं असते ती लोखंडी जाळी महिन्यापासून मोडलेली. सुपरवायझर म्हणायचा, तशीच चालवा, माल थांबायला नको.
सुरेखामामी दवाखान्याच्या पायरीवर बसल्या होत्या. रडत नव्हत्या. मला बघून विचारलं, "जेवलास का रं?" माझा हात तेव्हा खिशातल्या मोबाईलवर होता. फोटो चांगला आला असता. काय माणूस आहे मी.

१८ फेब्रुवारी
कंपनी म्हणते जाळी धड होती, मामांनीच ती वर केली, म्हणून भरपाई नाही. पुरावा? माझा फोटो! प्रदर्शनाच्या इंटरनेटवरच्या पानावरून उचललेला. मामा जाळी वर धरून हसतायत.
दिवाळीआधीचा आहे तो. जेवणाच्या सुट्टीत मामांनी मला मागच्या दारानं आत नेलं होतं. मशीन बंद होतं. जाळीची सावली तोंडावर पडत होती, म्हणून मीच म्हटलं, मामा, जरा वर करा. पुण्यात जिन्याखाली लागलेला फोटो इथं कंपनीच्या वकिलानं फाईलच्या पहिल्या पानावर लावलाय. मोबाईलच्या फोटोला एवढा मान आजवर कुणी दिला नव्हता. थू!

२० फेब्रुवारी
सोमवारी कामगार अधिकाऱ्यापुढं सुनावणी. मी सगळं सांगणार. मूळ फोटोत तारीख आहे, वेळ आहे. मामांना तसं सांगून आलो. त्यांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "सुपरवायझर येऊन गेला. चोरून आत शिरला म्हणून तुझ्यावर पोलीस केस टाकणार म्हणतोय."
टाकू दे, म्हटलं. भितो का काय मी!

२२ फेब्रुवारी
झोप नाही.

२३ फेब्रुवारी
सुनावणीत मामांना आधी विचारलं. पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन ते म्हणाले, "साहेब, ह्या पोराचा काय संबंध न्हाई. जाळी माझी मीच वर केली व्हती."
साहेबांनी लिहून घेतलं. मग माझ्याकडं बघितलं, तुम्हाला काही सांगायचंय का?
नाही म्हणालो.