बाळाच्या आंघोळीचं पाणी

टेमघर, भिवंडी
मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४

रिया,

जय भीम. इकडे आम्ही आहोत तसे आहोत. तुम्ही मायलेकी बऱ्या असाल असं धरते, कारण विचारायला तू फोन उचलतेस कुठं? वीस दिवस झाले माहेरी जाऊन. मी केला की कट. नवऱ्याने, दीपेशने केला तरी कट. शेवटी शेजारच्या संघरत्नाच्या फोनवरून लावला, तर तुझ्या आईने "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला. विहीणबाईंना माझा आवाज कळत नाय? साखरपुड्यात अख्ख्या मांडवासमोर भांडलोय आम्ही! म्हणून चौथी शिकलेल्या बाईला कागद घेऊन बसायला लागलं. अक्षराला हसू नको. दोन ओळी झाल्या की हात झटकायला लागतो, तिसरा दिवस आहे लिहितेय.

तुझे दोन ड्रेस दोरीवरच राहिले होते, घडी करून ठेवलेत. चिमीच्या लसीची तारीख जवळ आलीय, आशाताई विचारून गेली. तिकडे खारबावला देऊन घे, चुकवू नको.

हाताचं सांगते. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं डोळे मिटायला लावले आणि टाचणी घेऊन बसला. "आजी, कळतंय?" म्हटलं, "आधी टोच तर!" म्हणाला, "तीनदा टोचली." अंगठा आणि पुढची दोन बोटं, काही कळत नाय. करंगळीला टोचली तेव्हा ओरडले. मनगटात नस दाबली गेलीय म्हणे. आठ वर्षं कशेळीच्या गोडाऊनमध्ये खोक्यांना टेप मारतेय, त्यानं असेल. सोमवारी मनगट कापून नस मोकळी करणार. डॉक्टर वर मलाच ओरडला, एवढे दिवस काय करत होता?

काय करत होते? लपवत होते. तव्याचा चटका मला संध्याकाळी फोड बघून कळायचा. गोडाऊनमध्ये बोलले असते तर घरी बसवलं असतं. आणि तुला बोलले असते तर चिमीची आंघोळ माझ्याकडून गेली असती. गल्लीतली किती पोरं मी पायांवर घेऊन न्हाऊ घातलीत, आणि माझ्याच नातीला दुसरी बाई लावायची? तू बिचारी सांगत होतीस, नर्सबाईने सांगितलंय, पाणी कोपर बुडवून बघा. मी सगळ्या बायकांत तुझी चेष्टा केली, "कोपराने पाणी बघायचं, मग भाकरी काय गुडघ्याने थापायची?"

त्या दिवशी पाणी मीच बघितलं. ह्याच तीन बोटांनी. मला कोमट वाटलं. खरं लिहू? मला काहीच वाटलं नाय, म्हणून मी ते कोमट धरलं. पहिला तांब्या चिमीच्या मांड्यांवर ओतला आणि पोर किंचाळली.

आणि माझ्या तोंडातून निघालं, "रियाने गार पाणी मिसळलंच नाय." तू बादलीला हातसुद्धा लावला नव्हतास, मी कधी लावू दिला नाय. दवाखान्यात तुझी आई आली, तिच्यासमोर परत तेच बोलले. दीपेश तुला नको ते बोलला. तू नुसतं माझ्याकडे बघितलंस. बोलायचं होतंस गं. शिव्या द्यायच्या होत्यास.

काल दीपेशला सगळं सांगितलं. ताटावरून उठला तो आज तसाच उपाशी ड्युटीला गेला. तुला फोन करायला त्याला आता तोंड नाय. ते तुमचं तुम्ही बघा, मी मध्ये पडणार नाय.

मला खारबावला यायचंय. खोटं तुझ्या आईच्या तोंडावर बोलले, तर खरंही तिच्या तोंडावरच बोलायला पाहिजे. रविवारी येते. चिमीला हात लावणार नाय, घे म्हणालीस तरी नाय. दारात उभी राहून सांगेन आणि फिरेन. माफी दे म्हणत नाय, मला ते जमतही नाय. पण तू नको म्हणालीस तर पायरीही चढणार नाय.

पत्र रिक्षावाल्या भूपेशकडे देतेय, त्याच्याकडेच चिठ्ठी पाठव. पोरीच्या मांडीवर डाग राहणार का, तेही लिही. शनिवारी संध्याकाळपर्यंत मला उत्तर पाहिजे. येऊ की नको?

अजून म्हणत असशील तर तुझी सासू,
मंदा