साळूबाईच्या लुगड्याचं मैदान

॥ श्री ॥
लिंबोडी, ता. श्रीगोंदे
२० फेब्रुवारी १९७२

चि. सूर्यभान यास आक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं तीन ओळींचं कार्ड पोचलं. लढाईत तुझा पाय गुडघ्याखाली गेल्याचं लष्कराच्या पत्रानं आधीच कळलं होतं. पुण्यातच चौकीदाराची नोकरी धरणार, गावी येणार नाही, हे मात्र तुझ्या कार्डानं कळलं. मोठी बहीण असले तरी ओढून आणणार नाही. तुझी वळकटी मात्र अजून माळ्यावर टाकलेली नाही.

तू रजेवर आला होतास तेव्हा काढलेला फुटबॉल क्लब जिवंत आहे. यंदा रब्बी उगवलीच नाही, म्हणून कारभारीकाकांनी वेशीबाहेरचं रान पोरांना दिलं. म्हणाले, की ढेकळं तुडवायला बैल न्हाईत, तर पोरं तुडवतील. सत्तार गोलात उभा राहतो, कानिफनाथ पुढं धावतो, आणि ऑफसाइड कशाला म्हणायचं यावर दोघे रोज भांडतात. शाळेची बाई म्हणून निवाडा माझ्याकडे येतो. मला त्यातलं काही कळत नाही. मैदान केवढं लागतं तेवढं तरी कळव.

पत्र लांब लिहावंस, म्हणजे आमच्यावर जीव आहे असं समजू.

तुझी
आक्का


पुणे
५ मार्च १९७२

ती. आक्कास सूर्यभानचा शि. सा. न.

मैदान लांबीला एकशे दहा वार, रुंदीला सत्तर. खुणेला चुना टाकावा. ऑफसाइड कागदावर समजत नाही.

गावी येण्याचं पुन्हा लिहू नकोस. लोक आधी पायाकडं बघतील, मग तोंडाकडं. मला मैदानाकडेला बसवून पोरं हळहळत खेळतील. ते मला सोसणार नाही. जामखेडला तुझ्या लेकीला, चांगुणाला, माझे आशीर्वाद कळव.

राग धरू नये.

सूर्यभान


लिंबोडी
१८ ऑक्टोबर १९७२

चि. सूर्यभान यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

नगरला सामना झाला. सात गोलांनी हरलो.

इथलं मैदान तू सांगितलंस तसंच आखलं होतं. तलाठ्यांनी मोजणीची साखळी दिली नाही, बाबाजान शिंप्याच्या टेपचे पहिले आकडे झिजलेले. मग मी डोकं लढवलं. लुगडं नऊवारी असतं. साळूबाईनं वाळत घातलेलं आपलं लुगडं दिलं. एक टोक तिनं धरलं, दुसरं सत्तारच्या आईनं, चांदबीनं. बारा लुगडी आणि वर चार हात, झाले एकशे दहा वार. रुंदीही तशीच मोजली.

नगरला पोचल्यावर पोरांना मैदानाचं टोकच सापडेना. दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडणारी पोरं दमाला कमी नाहीत, पण कानिफनाथचा चेंडू दर वेळी गोलाच्या अलीकडेच थांबे. बघ्यांतल्या एकानं विचारलं, की अंगणात शिकलात काय रं. कारभारीकाका म्हणतात, की त्यापरीस कुस्ती बरी, पडनारा एकटा पडतो, समद्या गावाला घेऊन पडत न्हाई. सत्तारनं चेंडू गोठ्यात खुंटीला टांगलाय. क्लब मोडायचं जवळजवळ ठरलं आहे.

मला नाही लिहिलंस तरी चालेल, पोरांना चार ओळी लिही.

तुझी
आक्का


पुणे
२६ ऑक्टोबर १९७२

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वॉर्डात मोठ्यानं वाचलं. शेजारच्या खाटेवरच्या शीख सुभेदाराला आधी लुगडं म्हणजे काय ते समजावलं, मग तोही हसून हसून खोकला.

साळूबाईच्या अंगावर दंड न घातलेलं लुगडं मी जन्मात पाहिलं नाही. मधला विरलेला भाग कापून दोन टोकं शिवली की नऊ वार राहतात कुठं, आक्का? साडेसात धर. लांबीतच अठरा वार कमी भरले. आणि गणितासाठी मला छड्या तू मारायचीस.

पोरांना सांग, दोष तुमचा नाही. आखूड रानात चेंडू पायापाशी ठेवायची सवय लागली असेल, ती मोडू नका. टेपचे झिजलेले आकडे सोडून पुढून मोजा आणि मैदान वाढवा. सत्तारनं गोल सोडून दोन पावलं पुढं यावं. कानिफनाथनं मारण्याआधी मान वर करावी. आणखी पुष्कळ आहे, कागद संपला.

नवा पाय मिळाला आहे. करकरतो.

थट्टा केली ती पोटात घालावी.

सूर्यभान


लिंबोडी
१ डिसेंबर १९७२

चि. सूर्यभान यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पोरांनी तुझं पत्र तीनदा वाचून घेतलं आणि चेंडू खुंटीवरून उतरवला. मैदान वाढवायला काकांच्या कडब्याच्या गंजीची जागा लागत होती. यंदा कडबाच नाही, म्हणून त्यांनी तीही दिली. टेप मात्र बायांच्या हाती देनार न्हाई म्हणून स्वतः धरली. दंडाची बातमी पुण्यापर्यंत नेली म्हणून साळूबाई माझ्यावर रुसली आहे.

सतरा तारखेला, रविवारी, काष्टीचा संघ आपल्याकडे येतोय. पंच कोण यावर एकमत होत नव्हतं. काष्टीवाले म्हणाले, की फौजी असेल तर आमची हरकत नाही. मी तुला बोलावत नाही. चांगुणाचं बाळंतपण जवळ आलं. इथं प्यायलाही पाणी नाही, म्हणून मीच जामखेडला निघाले. घराची किल्ली चांदबीकडे ठेवली आहे.

सुखी राहा आणि आम्हांस धरून राहा.

तुझी
आक्का


लिंबोडी
१९ डिसेंबर १९७२

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

किल्ली देताना चांदबीनं एवढंच विचारलं, की जेवलास का. बाकी गाव एसटीतून उतरल्यापासून माझ्या पायाकडं बघत होतं. रविवारी शिट्टी घेऊन उभा राहिलो तरी मैदान गप्पच. कानिफनाथ तर मला पळावं लागू नये म्हणून मी मागं पडलो की चेंडू थांबवायचा. संध्याकाळच्या गाडीनं परतावं, असं मी ठरवलं.

शेवटची पाच मिनिटं उरली होती, एक-एक अशी बरोबरी होती. आपल्या गहिनीनाथनं गोलासमोर चेंडू हातानं अडवला. कुणाला दिसलं नाही, मला दिसलं. काष्टीला पेनल्टी दिली. सत्तारनं झेप बरोबर घेतली, पण चेंडू बोटांना लागून आत गेला. आपण हरलो.

मग काका मैदानात घुसले आणि विचारलं, की काष्टीच्या बैलबाजारात दावं लावून कुनी इकत नेलं व्हय रं तुला. साळूबाई म्हणाली, की सरकारनं पाय दिला तसं डोळं बी द्यायचं हुतं. गहिनीनाथनं शपथ घेतली, ती खोटी. सारं गाव वेशीपर्यंत माझ्याशी भांडत आलं. भरभर चालत होते सगळे, माझ्यासाठी कुणी पाऊल आवरलं नाही. मीही भांडत तसाच चाललो.

सत्तार अजून बोलत नाही. आज सरावाला बोलवायला आला, तेही दाराशी नुसतं खाकरून. पुण्याच्या नोकरीला नको म्हणून कळवलं आहे. गहिनीनाथला हात पाठीमागं बांधून खेळायला शिकवतोय. त्यालाच उन्हाळा उजाडेल.

चांगुणाची खुशाली कळव, आणि माझ्यावरची माया आहे तेवढीच असू दे.

तुझा
सूर्यभान