काच तिरकी, फळा सरळ

बाई, तुम्ही जाऊन दहा वर्षं होऊन गेली आणि मी आत्ता लिहायला बसलोय. कारण आधी सांगतो, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की पोराला वेड लागलं. मी सध्या केरळात असतो, कोचीच्या जवळ. दुकानांना, हापिसांना खोटं छत लावायचं काम आहे. दिवसभर मान वर, हात वर. मागच्या महिन्यात शिडीवरून घसरलो आणि उजवा खांदा धरला. इथल्या सरकारी दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक पोरगी आहे. तिनं मला भिंतीसमोर उभं केलं आणि मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, बोटं भिंतीवर ठेवा आणि मुंगीसारखी वर चालवत न्या. मी हसायलाच लागलो. तिला वाटलं, तिच्या हिंदीला हसतोय. आता तिला कुठल्या भाषेत सांगू, की हे मी पाच महिने रोज बघितलंय, आणि तेसुद्धा भिंतीवर नव्हे, माझ्या जीपच्या काचेवर.

चौथीला मी तुमच्या वर्गात होतो. होतो म्हणजे हजेरीत नाव होतं. दाराजवळ बसायचो, कारण तिथून निघायला सोपं. तुम्ही दोनदा घरी येऊन मला धरून नेलंत. आई म्हणाली, "बाई, ह्येच्या पायाला भिंगरी हाय." तुम्ही म्हणालात, "असू द्या, वर्गात फिरू दे भिंगरी." खरंच, तुम्ही मला वर्गात हिंडू द्यायचात, पाढे म्हणत म्हणत. पुढच्या मास्तरांनी बसवलं आणि सातवीत मी शाळा सोडली. एकोणिसाव्या वर्षी लोहाऱ्याच्या स्टँडवर दुसऱ्याची जीप चालवायला लागलो, लोहारा ते आपलं गाव, आणि तुम्ही रोज सकाळी माझ्या शेजारी पुढच्या सीटवर. पहिल्या दिवशी चढताना म्हणालात, "अरे वा, आता तू मला शाळेत नेणार!" मागची सगळी माणसं हसली. मला मात्र मान मिळाल्यासारखं वाटलं.

त्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडली आणि तुम्ही स्टँडवर आलात त्या वाकून. उजवा हात छातीशी धरलेला, जसं काही त्यात कोंबडीचं पिल्लू आहे. जीपमध्ये चढताना वरचा दांडा धरायला गेलात आणि हात खांद्याच्या वर गेलाच नाही. चार वर्षांमागं पुण्याला तुमचं मोठं ऑपरेशन झालं होतं, एवढं गावाला माहीत होतं. कशाचं, ते कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. या वेळी मात्र बातमी पक्की होती की बाई उन्हाळ्यात न्हाणीत पडल्या आणि खांदा निखळला. कुणी सांगितली विचाराल तर सगळ्यांनी सगळ्यांना.

एकदा शाळा समितीचे अध्यक्ष माझ्या जीपमध्ये होते. तुम्ही नव्हता. ते मला ऐकू जाईल असं शेजारच्याला म्हणाले, "मास्तरणीचा हात वर जाईना. फळ्यावर वार-तारीख पोरं बाकावर चढून लिहित्यात. पडलं एखांदं तर कोण निस्तरणार? दिवाळीपर्यंत बघू, न्हायतर वर अर्ज देऊ. बसू दे बाईला हापिसात कागदं करत." मला राग आला. आणि मला राग आला की मी आधी गाडी वळवतो, मग विचार करतो.

तर तो दिवस. जीपमध्ये अकरा माणसं, तुम्ही पुढं. फाट्यावर मी सरळ जायचं सोडून डावीकडं वळतो. तिथं लिंबाखाली हाडं बसवणारा म्हातारा राहतो, साऱ्या तालुक्याचे निखळलेले खांदे आणि मुरगळलेले पाय त्यानंच बसवलेले. मी हॉर्न देतो. म्हातारा हाताला तेल चोळतच येतो. "कुणाचा खांदा हाय?" मी म्हणतो, "बाईंचा. बसवा आजा, एका झटक्यात." तुम्ही माझ्याकडं बघता. म्हातारा तोवर तुमचं कोपर धरतो.

"थांबा बाबा. ओढू नका. खांदा जाग्यावर आहे."

"मंग हात का वर जाईना?"

म्हाताऱ्यानं खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं होतं. मागं सगळे गप्प. कोंबड्यांची पाटी घेऊन एक आजी बसली होती, तिच्या कोंबड्यासुद्धा गप्प. तुम्ही काहीही सांगून वेळ मारून नेऊ शकत होता. पण तुम्ही समोर काचेकडं बघितलंत आणि वर्गात धडा समजावून सांगायचा त्या आवाजात बोललात. "चार वर्षांमागं मला कॅन्सर झाला. एक स्तन काढलं. त्या जागी डॉक्टरांनी आत सिलिकॉनची पिशवी बसवली, दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून. मलाच हवी होती ती. पुढं तिच्याभोवती आतल्या आत आवळत गेलं, दगडासारखं कडक झालं. हात उचलेना, कुशीवर वळता येईना, झोप नाही. म्हणून या मे महिन्यात सोलापूरला ती काढून टाकली. जखम भरलीय. हात आखडलाय, तो आता हळूहळू सोडवायचा आहे. झटका द्यायचा नाही."

स्तन हा शब्द मी पुस्तकाबाहेर पहिल्यांदाच ऐकला, तोही माझ्या जीपमध्ये, माझ्या बाईंच्या तोंडून. माझे कान तापले. म्हाताऱ्यानं हात सोडला आणि धोतराला पुसला. "मंग ते माझं काम न्हाय, लेकी," तो म्हणाला. आणि माझ्याकडं वळून, "म्या ओढला असता म्हंजे? अक्कल घरी ठिवून गाडी चालवतुस व्हय रं?" मागनं कोंबड्यांवाल्या आजीनं विचारलं, "आन आता कसं वाटतंय, बाई?" तुम्ही म्हणालात, "झोप लागते आता." आजी म्हणाली, "मंग झालं की! झोप लागली म्हंजे निम्मं बरं झालं." आणि कोंबड्या पुन्हा ओरडायला लागल्या.

शाळेच्या दारात तुम्ही मला खाली उतरवलंत. माराल असं वाटलं. "तुझ्या मनात चांगलं होतं, ते कळतंय मला. पण माझ्या अंगाचं काय करायचं, ते मला विचारल्याशिवाय कुणी ठरवायचं नाही. घरचा असो, डॉक्टर असो, नाहीतर ड्रायव्हर. कळलं?" मी म्हणालो, "व्हय बाई. पण आता साऱ्या गावाला कळणार." तुम्ही म्हणालात, "संध्याकाळपर्यंत कळेल. बरं झालं, मला एकेकाला सांगत बसायला नको." चार पावलं गेलात आणि परत वळलात. "आणि ब्रेक हळू दाब. तुझा प्रत्येक गचका मला इथं लागतो." बाई, त्या दिवसापासून आजपर्यंत मी कुठलीही गाडी चालवली तरी ब्रेक हळूच दाबतो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही येणार नाही असं मला वाटत होतं. आलात. पदर नेहमीसारखा, एक बाजू सपाट, ती झाकायला काही केलेलं नाही. माणसं बघायची तशी बघतच होती. तुम्ही सीटवर बसलात आणि विचारलंत, "भरायला किती वेळ लागेल?" जीप भरल्याशिवाय निघत नाही, हा स्टँडचा कायदा. बाकी सगळे त्याला शिव्या देतात. तो वेळ हवा असलेल्या तुम्ही एकट्याच. उजव्या हाताची चार बोटं पुढच्या काचेवर ठेवलीत आणि एकेक करून वर चालवायला लागलात. आधी परमिटच्या कागदाजवळ. तिथंच चेहरा पांढरा पडला. श्वास सोडलात, बोटं खाली, पुन्हा वर. मागून एकानं विचारलं, "बाई, काच पुसताय व्हय?" "हो. तुमच्या ड्रायव्हरला पुढचं दिसत नाही."

तेव्हापासून ते रोजचंच झालं. परमिटच्या वर वीतभर अंतरावर दगड लागून गेलेला तडा होता, आणि अगदी वर टपाशी मी लावलेलं अशोकचक्राचं निळं स्टिकर. आधी तडा गाठायचा, मग चक्र. काचेवर तुमच्या बोटांच्या चार रेघा उठायच्या आणि मी त्या पुसायचो नाही. मालक म्हणाला, "काच काय घाण करून ठिवलीस!" मी म्हणालो, "असू द्या, मोजमाप हाय ते." तुमच्या रोजच्या वीस खेपा झाल्या नसतील तर जीप भरली तरी मी खाली उतरून टायरला लाथा मारत हिंडायचो, हवा बघितल्यासारखं. पॅसेंजर खवळायचे. पुढं पुढं तेच मोजायला लागले. कोंबड्यांवाली आजी तर मोठ्यानं, "सतरा! अजून तीन, मंग हाल रं गाडी." तिच्या सुनेला काखेत गाठ होती. सासूपासूनसुद्धा लपवलेली. एका सकाळी ती पोरगी तुमच्या कानाशी लागली आणि आठवडाभरात तुम्ही तिला सोलापूरला घेऊन गेलात. गाठ साधी निघाली. परत येताना आजीनं मला न विचारताच एक कोंबडा माझ्या सीटखाली बांधला.

श्रावणात तुम्ही तड्याच्या वर गेला होता. मग घाई केलीत. वह्यांचा गठ्ठा कुणाला न सांगता स्वतःच उचलून कपाटावर ठेवलात आणि हात कोपरापर्यंत सुजला. पंधरा दिवस बोटं काचेला लागली नाहीत. मी रोज विचारायचो, "बाई, आज?" तुम्ही म्हणायचात, "आज नाही." मला बसवेना. शेवटी तुम्हीच चिडलात, "अरे, सूज आली की थांबायचं, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तू जन्मात एका जागी थांबलायस का? मग तुला कसं कळणार?" आणि जरा वेळानं, अगदी हळू, "अध्यक्ष काय म्हणतात रे माझ्याबद्दल?" मी टायरची हवा बघायला खाली उतरलो, त्यातच तुम्हाला कळलं. "मला हापिसात बसवू नये," तुम्ही म्हणालात. "इतकी वर्षं उभी राहून शिकवलं. खुर्चीतून मला पोरांची तोंडं दिसायची नाहीत." तुमच्या तोंडून भीती मी तेवढीच एकदा ऐकली. मोठं ऑपरेशन, ती पिशवी बसवणं, ती काढणं, त्यातल्या कशाला तुम्ही भ्याला नव्हता, आणि एका खुर्चीला भ्यालात.

दसऱ्याच्या आधी तुमची बोटं चक्राला लागली. सगळ्या जीपनं टाळ्या वाजवल्या. मी म्हणालो, "जमलं बाई!" तुम्ही हात चोळत म्हणालात, "काच तिरकी आहे रे. फळा सरळ असतो."

दिवाळीनंतर शाळा उघडली त्या दिवशी अध्यक्ष आधीच व्हरांड्यात येऊन उभे होते. तुम्हाला सोडून मी निघायला हवं होतं, पण मी वर्गाच्या मागच्या खिडकीशी गेलो. तुम्ही फळा पुसलात. डाव्या हातानं. मग उजव्या हातात खडू घेतलात आणि बाकीची बोटं फळ्यावर टेकवून वर चालवायला लागलात, काचेवर चालवायचात तशीच. मध्ये एकदा थांबलात. मग पुन्हा वर, पार वरच्या पट्टीपर्यंत, आणि तिथं लिहिलंत, वार, दिनांक, पट, हजर. शेवटी शेवटी अक्षरं खाली उतरत गेली. अध्यक्ष दारातून म्हणाले, "बाई, ओळ जरा वाकडी झाली." तुम्ही वळून म्हणालात, "हो की. पुसून परत लिहिते." आणि तुम्ही ती पुसलीत, या वेळी उजव्याच हातानं, आणि परत लिहिलीत. अध्यक्ष चप्पल घालून निघून गेले. तो अर्ज कुठंच गेला नाही. तुम्ही पुढं दोन वर्षं उभ्यानं शिकवलंत, आजार फुफ्फुसात उतरेपर्यंत. मी तेव्हा गोव्यात होतो. कळलं आणि आलो नाही, कारण आडवं पडलेलं मला तुम्हाला बघायचं नव्हतं.

पण त्या सकाळी तुम्ही मला खिडकीत बघितलंत आणि आत बोलावलंत. पोरांना म्हणालात, "हा माझा विद्यार्थी. आजचा सुविचार हा लिहिणार." खडू माझ्यापुढं धरलात. मी म्हणालो, "बाई, पॅसेंजर खोळंबलेत," आणि पळालो.

हे पत्र कुठंच जाणार नाही, म्हणून लिहून टाकतो. जीपमध्ये कुणीच नव्हतं, बाई. मला त्या फळ्याची भीती वाटली. तुमच्या वर्गाच्या दारातून सगळी जीप आरपार दिसायची, तुम्हाला दिसलंच असणार. दुसऱ्या दिवशी वरचा दांडा धरून तुम्ही आरामात चढलात, बसलात, आणि एवढंच विचारलंत, "काल सगळे पॅसेंजर वेळेवर पोचले का रे?"

मी म्हणालो, "पोचले, बाई."