दोन रबरी रिंगा आणि इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, व्यवसाय मुद्रितशोधन (आता निवृत्त), पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवतो. शुद्धीत असल्याचा समोरच्या डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. आधी बायकोकडे मागितला होता, तिने दिला नाही.

१. राहते घर व बँकेतली ठेव पत्नीस. गाडीच्या जागेवर फरशीला पडलेला काळा डागही तिचाच. तो सोड्याने जात नाही, रॉकेलनेही जात नाही. तिचे मोठे पातेले मी इंजिनाचे जुने तेल झेलायला नेले होते. त्याबद्दल तिने नवे घ्यावे व मला मनात जे म्हणायचे ते म्हणावे.

२. गाडी मुलीस. अट एकच, तेल घरी बदलू नये. पहिल्या खेपेस मी गाडीखाली शिरलो आणि पोट अडकले. मायलेकींनी पाय धरून ओढून काढले. दुसऱ्या खेपेस इंजिन गरम असतानाच खालचा बोल्ट सोडला आणि कोपरापर्यंत हात भाजून घेतला. "बाबा, काकांचं गॅरेज असताना तुम्ही कशाला?" असे ती विचारायची. तेलासारख्या एवढ्याशा कामासाठी थोरल्याने धाकट्याच्या दारात कसे जायचे, हे माझे दुखणे होते. शहाणपणा एवढाच.

३. हे कलम लिहायला तीन दिवस लागले. नऊ वर्षांपूर्वी मुलीला नोकरीच्या मुलाखतीला सोडायला निघालो आणि वाटेत इंजिन जाम झाले. मुलाखत हुकली. गाडी ओढत धाकट्या भावाच्या गॅरेजात नेली. तो वाकून खाली बघत होता, तेवढ्यात त्याच्या कामगारांसमोर मी ओरडलो, "आठवड्यापूर्वी ब्रेक तूच बघितलेस, तूच काहीतरी ढिलं ठेवलंस." तो उठला, त्याने मान खाली घालून ऐकून घेतले. तेव्हापासून आमचे बोलणे बंद.

खरी गोष्ट अशी. आदल्या दिवशी ऑइल फिल्टर मी बदलला. जुना निघाला, पण त्याची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली. ती न बघता मी तिच्यावर नवा फिल्टर त्याच्या रिंगेसकट आवळला. दोन रिंगा एकावर एक नीट बसत नाहीत. सगळे तेल रस्त्यावर सांडले. भांडून गाडी दुसरीकडे नेली आणि तिथल्या गॅरेजवाल्याने दोन्ही रिंगा माझ्या हातात ठेवल्या, तेव्हाच मला कळले. जन्मभर लोकांच्या चुका लाल शाईने काढल्या, आणि ही मी खणात लपवली. मला लाज वाटते.

४. पान्यांची पेटी व जॅक धाकट्या भावास. सोबत माझी माफी, माझ्या पश्चात वाचून दाखवावी.

दुरुस्ती: बायकोने वरील वाचले. "पश्चात कशाला?" ती म्हणाली. "तुम्ही गेल्यावर त्याने भांडायचं कोणाशी?" आणि तिने त्याला साक्षीदार म्हणून फोन केला. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे वकीलबाई सांगतात. सबब कलम ४ रद्द. पेटी आज त्याच्या हातात दिली. माफी तोंडाने मागितली, अडखळत.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक: ९ जानेवारी
सही: (मृत्युपत्र करणारा)

साक्षीदार १: समोरचे डॉक्टर. सही.

साक्षीदार २: धाकटा भाऊ, गॅरेजवाला. वाचून सही केली. दोन रिंगा मला त्याच दिवशी खाली वाकल्यावर दिसल्या होत्या. कामगारांसमोर दादाला कसं सांगणार, म्हणून गप्प बसलो.