अबू जरीर यांनी प्यायलेली कॉफी

बाबा,

मसुराचं सूप झाकून ठेवलंय, गरम करून घ्या. मी समुद्रकाठच्या अकाबाच्या बसने निघाले.

मोझेकच्या कारखान्यातून राजीनामा दिला मी, पण काल मालक अबू जरीर घरी येऊन बोलले तुमच्याशी. पगार दीडपट, खिडकीजवळची जागा. आणि "रुदैना परत येते असा शब्द द्या, तरच ही कॉफी पिईन," म्हणत रिवाजाप्रमाणे कप खाली ठेवला. भिडेखातर तुम्ही म्हणालात, "प्या, दिला शब्द."

ती खिडकी मलाही दिसत राहिली, बाबा. पण दर वेळी तिच्यातून समुद्र आत यायचा, आणि रंगीत खडे जुळवून मी केलेले मासे फरशीतून सुटून पोहत निघून जायचे.

दिलेला शब्द मोडू नका. रविवारी आठवडा सुरू झाला की कामावर तुम्हीच जा. चष्मा मात्र विसरू नका, खडे फार बारीक असतात.

तुमची रुदैना