पिक्चरमधला बाबांचा हात

३ मार्च, शुक्रवार

भिकार! अडीच तास बसवून ठेवलं मेल्यांनी.

तीन जादूगार, भर कार्यक्रमात बँकेची तिजोरी साफ करतात — कल्पना काय वाईट होती? पण एकालाही पत्ते धड पिसता येत नाहीत. तिजोरी उघडते धुरातून, माणूस उडतो छतातून, आणि शेवटी कळतं की इन्स्पेक्टरच सामील होता. डोंबलाची जादू! सगळी कॉम्प्युटरवर केलेली.

आणि बाबांचा हात कुठाय? हिरो पहारेकऱ्यासमोर बोटांवरून नाणं फिरवत नाहीसं करतो, तिथे हिरोच्या हाताऐवजी बाबांचा हात दिसणार होता. तीन सेकंद. चाळीस वर्षं जादूचे प्रयोग केले, पण हा हात कॅमेऱ्याला कधी दाखवला नव्हता. माझ्या हट्टापायी तयार झाले. शूटिंगहून आले तेव्हा म्हणाले होते, पहिल्याच टेकला ओके. आणि पडद्यावर काय? रबरी हात, नाण्यातून निळ्या ठिणग्या! तळपायाची आग मस्तकात गेली.

बाहेर आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, चहा घेऊ या.

४ मार्च

डोकं अजून तापलेलंच. फोनवर लिहून टाकलं सगळं. म्हाताऱ्या कलावंताला बोलावलं, राबवलं आणि तोंडाला पानं पुसली — हा दिग्दर्शक चोर आहे. खाली बाबांचा फोटो.

५ मार्च

चार हजार लोकांनी पुढे पाठवलं! बाबा चष्मा लावून एकेक प्रतिक्रिया मला वाचून दाखवतात. दिग्दर्शक मूग गिळून बसलाय. बोलेल कशाला, तोंड आहे का त्याला!

६ मार्च

शनिवारच्या प्रयोगाची तालीम. एकोणीस वर्षं मी त्या पेटीत शिरतेय. आत अंग चोरून बसायचं, बाहेरून बाबा सात तलवारी खुपसतात. प्रत्येकीची फट ठरलेली, तिरका कोन ठरलेला. आजोबांच्या वेळी बाबाच शिरायचे आत.

आज पुन्हा तलवार कोपराला लागली. गेल्या महिन्यातही लागली होती. मी ओरडले तर म्हणतात, तू जाड झालीस. घ्या! जखम माझी, वर टोमणाही मलाच. कोपराला पट्टी लावली आणि जेवण निम्म्यावर आणलं.

८ मार्च

पिक्चरवाल्यांच्या ऑफिसात जाऊन बसले. बाबांचं शूटिंग दाखवा, नाहीतर हलणार नाही. दिग्दर्शक भेटलाच नाही. एडिटरबाई म्हणाल्या, नका बघू. मी आवाज चढवला. शेवटी त्यांनी ते लावून दिलं, खुर्ची पुढे केली आणि स्वतः बाहेर जाऊन थांबल्या.

एकेचाळीस टेक.

पहिल्यात नाणं पडलं. दुसऱ्यात पडलं. सातव्यात जवळजवळ जमलं, आणि पडलं. करंगळी थरथरत होती, मग अख्खा पंजा. दर वेळी बाबा स्वतः वाकून नाणं उचलतात आणि म्हणतात, परत घेऊ. शेवटी दिग्दर्शकाचा आवाज येतो — "झालं काका, छान आलंय." बाबा कॅमेऱ्याकडे न बघता म्हणतात, "माझ्या मुलीला सांगू नका."

नाही सांगितलं त्याने. चार हजार लोकांसमोर मी त्याला चोर ठरवलं, तरी नाही सांगितलं. शरमेने मेल्यासारखं झालं. एडिटरबाईंच्या नजरेला नजर न देता निघाले.

पण राग गेलेला नाही, फक्त त्याचा पत्ता बदललाय. पहिल्याच टेकला ओके म्हणे! खोटारडे आहात तुम्ही, बाबा! हात कापतोय हे ठाऊक असून माझ्यावर तलवारी चालवता? आणि मी येडी उपाशी राहतेय!

९ मार्च

लिहिलेलं काढून टाकलं. दिग्दर्शकाला माफीचे चार शब्द पाठवले.

१० मार्च

सकाळी बाबा फोन चाळत बसले होते. मी लिहिलेलं सापडेना, तेव्हा विचारलं, "काढलंस?"

"हो."

"बघितलंस सगळं?"

"एकेचाळीसच्या एकेचाळीस."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग आतून सातही तलवारी आणून माझ्यासमोर ठेवल्या.

"तू काही जाड झालेली नाहीस," म्हणाले. "उद्या तलवारी तू घे. पेटीत मी शिरतो."